घडापासून प्याल्यापर्यंत : द्राक्षांवरील बुरशीनाशकांचा माग

जानेवारी उजाडला की कसारा घाट उतरून येणाऱ्या टेम्पोंमध्ये कांदा-टोमॅटोच्या जोडीला द्राक्षांची खोकी दिसू लागतात. दिंडोरी, निफाड, चांदवड या तालुक्यांतला माल शहापूर-पडघ्यावरून कल्याणच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत, नाही तर थेट वाशीच्या फळबाजारात पोहोचतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच ठाण्याच्या जांभळी नाक्यावर, कल्याण स्थानकाबाहेर आणि डोंबिवलीत फडके रोडच्या आसपास हातगाड्यांवर मांडला जातो. गिऱ्हाईक घड उचलते, मण्यावरची पांढुरकी झाक बोटाने पुसते आणि विचारते, ‘औषध मारलेलं नाही ना हो?’ विक्रेता ठरलेले उत्तर देतो, ‘नाही ताई, एकदम गोड आहेत, खाऊन बघा.’

या संवादात दोघेही चुकतात. बोटाने पुसली जाणारी ती झाक बहुतेक वेळा औषधाची नसते. मण्याच्या सालीवर नैसर्गिकपणे येणाऱ्या मेणाचा तो अगदी पातळ थर असतो आणि तो शाबूत असणे हे घड ताजा असल्याचे, फारसा हाताळला गेला नसल्याचे लक्षण मानले जाते. विक्रेत्याचे उत्तर तर त्याहून चुकीचे आहे. औषध अजिबात न मारता द्राक्ष पिकवणे महाराष्ट्राच्या हवेत जवळजवळ अशक्य आहे. खरा प्रश्न फवारणी झाली की नाही हा नाहीच. ती कशाची झाली आणि घड तोडण्याच्या किती दिवस आधी झाली, हा आहे. आणि त्याचे उत्तर हातगाडीवर कोणाकडेही नसते.

एका रात्रीचे दव

द्राक्षवेल मूळची कोरड्या उन्हाळ्याच्या आणि थंड हिवाळ्याच्या प्रदेशातली. महाराष्ट्रात तिला हिवाळी विश्रांती मिळत नाही, म्हणून बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलच्या सुमारास होते ती खरड छाटणी. तिच्यामुळे पुढच्या हंगामाची काडी तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमधली ती गोडी छाटणी. तिच्यातून फळ येते. अडचण अशी, की गोडी छाटणीनंतर कोवळी फूट बाहेर पडण्याची आणि परतीच्या पावसाची वेळ नेमकी एकच असते. पाने रात्रभर ओली राहिली की केवडा, म्हणजेच डाऊनी, डोके वर काढतो. पानावर आधी तेलकट पिवळे डाग पडतात, त्यांच्या खालच्या बाजूला कापसासारखी पांढरी बुरशी उगवते. ती फुलोऱ्यात शिरली तर घडच्या घड वाळून गळतात. पाऊस ओसरून थंडी पडली की दुसरी बुरशी, भुरी, पाने आणि मणी पांढरे करते. ढगाळ, दमट दिवसांत करपा असतोच.

११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ चक्रीवादळ अलिबाग-मुंबई किनाऱ्यावर आदळले. त्या सुमारास बरसलेल्या अवकाळी पावसाने नाशिक भागातल्या फुलोऱ्यात आलेल्या बागा केवड्याच्या तोंडी गेल्या. २०१९ मध्ये ऑक्टोबरअखेर लांबलेल्या पावसाने पुन्हा तेच केले. एकरी लाखांचा खर्च आणि डोक्यावर पीककर्ज असलेला माणूस अशा रात्रीनंतर पहाटे पंप खांद्यावर न घेता राहील, अशी अपेक्षा शहरात बसून करणे सोपे आहे. द्राक्षावरच्या औषधांची चर्चा करताना हा भाग वगळला, तर बागायतदार हा केवळ विष पेरणारा ठरतो. वस्तुस्थिती तशी नाही.

मोरचूद आणि चुना

द्राक्षावरच्या बुरशीनाशकांचा इतिहास चोरांपासून सुरू होतो. केवड्याची बुरशी १८७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतून फ्रान्समध्ये आली आणि तिने तिथल्या मळ्यांची दैना केली. बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ पिअर-मारी-अलेक्सी मिलार्दे १८८२च्या शरद ऋतूत मेडॉक भागातून जात असता त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. आतल्या वेलींची पाने झडून गेली होती, पण रस्त्यालगतच्या ओळी हिरव्यागार होत्या. चौकशी करता कळले, की वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून मालक त्या ओळींवर मोरचूद आणि चुन्याचे निळसर पाणी शिंपडत. फळ विषारी दिसावे, एवढाच त्यामागचा हेतू. मिलार्दे यांनी रसायनशास्त्रज्ञ युलिस गेयाँ यांच्या साहाय्याने त्या मिश्रणाचे प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते जाहीर केले. तेच बोर्डो मिश्रण नाशिक-सांगलीच्या बागांत आजही फवारले जाते. त्याच्या जोडीला भुरीसाठी गंधक असते. तेही तितकेच जुने.

ही दोन्ही औषधे स्पर्शजन्य आहेत, म्हणजे पानाच्या-मण्याच्या पृष्ठभागावर बसून राहतात. ‘एम-४५’ या नावाने खेड्यापाड्यांत ओळखले जाणारे मँकोझेबही याच जातीचे. मुसळधार पावसात ती धुऊन जातात, म्हणून पुन्हा मारावी लागतात. गेल्या काही दशकांत मात्र आंतरप्रवाही औषधांची दुसरी पिढी आली. मेटॅलॅक्झिल, कार्बेन्डाझिम, हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायमेथोमॉर्फ, अ‍ॅझॉक्सिस्ट्रॉबिन ही त्यांतली काही नावे. ही औषधे कमी-अधिक प्रमाणात वनस्पतीच्या आत शिरतात, पावसाने धुतली जात नाहीत, थोड्या मात्रेत अधिक काम करतात. बागायतदाराच्या दृष्टीने हा मोठाच दिलासा. परंतु जे पावसाने जात नाही ते स्वयंपाकघरातल्या नळाखालीही सहजासहजी जात नाही. म्हणूनच मण्यावर निळा-पांढरा डाग दिसला की दचकणारे गिऱ्हाईक चुकीच्या गोष्टीला घाबरते. दिसणारे औषध बहुधा धुण्यासारखे असते, आत शिरलेले दिसतच नाही.

फवारलेले औषध सगळेच्या सगळे आपल्या ताटात येते, असे मात्र नाही. उन्हाने, पाण्याने आणि वनस्पतीतल्या रासायनिक क्रियांनी त्याचे विघटन होत जाते. शिवाय मणी वाढतो. बाजरीएवढ्या मण्यावर पडलेले औषध तो सुपारीएवढा होईपर्यंत वजनाच्या मानाने आपोआपच विरळ होते. फुलोऱ्यातल्या फवारणीपेक्षा मण्यात पाणी उतरल्यानंतरची फवारणी अधिक चिंतेची, ती यामुळेच. प्रत्येक औषधासाठी शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवसांचे अंतर ठेवायचे हे ठरलेले असते. काहींना आठवडाभर पुरतो, काहींना दोन महिने लागतात. हा काढणीपूर्व कालावधी पाळला तर बहुतेक प्रश्न बागेतच मिटतो. पण फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये झाली तशी गारपीट किंवा अवेळी पाऊस ऐन काढणीच्या तोंडावर आला, की हेच अंतर पहिल्यांदा मोडते.

अंशांचे गणित

फळात उरलेल्या औषधाला शास्त्रीय भाषेत उर्वरित अंश म्हणतात. बागायतदारांच्या बोलण्यात मात्र ‘रेसिड्यू’ हाच शब्द रुळला आहे. कोणत्या पिकात कोणत्या औषधाचा किती अंश चालेल, याची कमाल मर्यादा कायद्याने ठरते. तिला ‘एमआरएल’ म्हणतात. युरोपीय संघाचा २००५ मध्ये संमत झालेला आणि सप्टेंबर २००८ पासून सर्व सदस्य देशांत एकसारखा लागू झालेला नियम असा, की ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच मुभा. म्हणजे दहा टनांच्या दहा ट्रक द्राक्षांत मिळून एक ग्रॅम. भारताच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानेही वेगळी मर्यादा नसलेल्या औषधांसाठी सर्वसाधारणपणे हाच आकडा स्वीकारला आहे.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण बातम्यांमध्ये ती हमखास निसटते. एमआरएल ही विषबाधेची सीमारेषा नव्हे. औषध शिफारशीप्रमाणे वापरले तर फळात जास्तीत जास्त किती उरेल, यावरून ती ठरते आणि मग तेवढे रोजच्या आहारात गेल्यास चालेल का, याची पडताळणी होते. मर्यादा ओलांडलेला घड खाल्ल्याने कोणी त्याच दिवशी आजारी पडत नाही. चिंता असते ती वर्षानुवर्षांच्या थोड्या थोड्या सेवनाची, एकाच फळात सापडणाऱ्या चार-पाच औषधांच्या एकत्रित परिणामाची आणि वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त फळ खाणाऱ्या लहान मुलांची.

ती चिंता अगदीच निराधारही नाही. कार्बेन्डाझिम जनुकांना आणि प्रजननाला अपायकारक असल्याचे युरोपने मान्य केले आणि २०१४ नंतर तिथे त्याची परवानगी संपली. मँकोझेबच्या विघटनातून, विशेषतः उष्णतेने, ‘ईटीयू’ हे संयुग तयार होते आणि ते थायरॉइड ग्रंथीला त्रासदायक ठरते. डिसेंबर २०२० मध्ये युरोपने मँकोझेबचाही परवाना पुढे न वाढवण्याचा निर्णय घेतला. भारतात मे २०२० मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने २७ कीडनाशकांवर बंदी घालण्याचा जो मसुदा काढला, त्यात ही दोन्ही नावे होती. २०२३ मध्ये अंतिम आदेश निघाला तेव्हा पूर्ण बंदीची यादी फारच आखूड झालेली होती.

रॉटरडॅमचा धडा

महाराष्ट्राला या अंशांची दखल घ्यायला परदेशी गिऱ्हाइकाने भाग पाडले. १९९१ मध्ये द्राक्ष सहकारी संस्थांच्या भागीदारीतून ‘महाग्रेप्स’ उभी राहिली आणि युरोपात माल जाऊ लागला. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ मध्ये राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र स्थापन झाले. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मिथोमिल या कीटकनाशकाचे अंश मर्यादेबाहेर आढळले आणि खळबळ उडाली. त्यातूनच ‘अपेडा’ने निर्यातक्षम द्राक्षांसाठी उर्वरित अंश तपासणीची योजना आखली आणि मांजरीच्या केंद्रातील प्रयोगशाळेला राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेचा दर्जा मिळाला. पाठोपाठ ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय व्यवस्था आली.

ही व्यवस्था खरोखर पाहण्यासारखी आहे. निर्यात करू इच्छिणारी बाग कृषी विभागाकडे नोंदवावी लागते. प्रत्येक प्लॉटला स्वतंत्र क्रमांक मिळतो. कोणत्या तारखेला कोणते औषध किती मारले याची नोंदवही ठेवावी लागते. काढणीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना घेतो, अहवाल थेट ग्रेपनेटवर चढतो. अंश जास्त आढळले तर त्या प्लॉटचा माल तिथेच अडतो. हॅम्बुर्गच्या दुकानातल्या डब्यावरून निफाडच्या कोणत्या बांधावरचा तो घड आहे, हे शोधून काढता येते.

आणि तरीही २०१० मध्ये फटका बसलाच. त्या वर्षी नेदरलँड्स आणि जर्मनीत भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. हे बुरशीनाशक नव्हे. वेलीची अनावर वाढ रोखून काडीत फळधारणा वाढवण्यासाठी खरड छाटणीनंतर वापरायचे ते वाढनियंत्रक आहे. बागांत ते ‘लिहोसिन’ म्हणूनच ओळखले जाई. युरोपची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती आणि आपल्याकडे तपासायच्या रसायनांच्या यादीत या औषधाचा समावेशच नव्हता. प्रयोगशाळांनी सांगितलेले सगळे तपासले, सगळे उत्तीर्ण झाले आणि माल बंदरात अडला. काढणीच्या कित्येक महिने आधी मारलेले औषध वेलीत टिकून फळात उतरते, हेही त्या निमित्ताने सर्वांना महागात शिकावे लागले. पुढच्या हंगामापासून ते यादीत आले. तपासणी जे शोधते तेच तिला सापडते, हा त्यातला बोचरा भाग.

घाट उतरल्यावर

आता याच बागेतला उरलेला माल पाहू. निर्यातीच्या मापात न बसलेले, लहान मण्यांचे किंवा विरळ रंगाचे घड, तसेच मुळातच देशी बाजारासाठी वाढवलेल्या बागांचा माल कसारा घाट उतरून येतो, तेव्हा प्लॉटचा क्रमांक, नोंदवही आणि प्रयोगशाळेचा अहवाल यांतले काहीच त्याच्यासोबत नसते. बाजार समितीत चार गावांचा माल एका गाळ्यावर उतरतो, तिथून फेरीवाल्याच्या गाडीवर जातो. संध्याकाळी डोंबिवलीच्या पुलाखाली उभ्या असलेल्या गाडीवरचा घड कोणाच्या बागेतला, हे त्या विक्रेत्यालाही सांगता येणार नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम २१ नुसार मर्यादेपेक्षा जास्त कीडनाशक अंश असलेले अन्न विकता येत नाही. मात्र त्याच कायद्याने शेतकरी आणि शेतीची कामे आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहेत. कायद्याच्या व्याख्येत शेतमाल ‘प्राथमिक अन्न’ होतो तो शेतकऱ्याखेरीज दुसऱ्याच्या हाती गेल्यावर. याचा व्यावहारिक अर्थ असा, की ज्याने फवारणी केली आणि ज्याला तिची तारीख ठाऊक आहे तो कायद्याच्या बाहेर, आणि ज्याला काहीच ठाऊक नाही तो व्यापारी कायद्याच्या आत. शेतकऱ्याला अन्न निरीक्षकांच्या फेऱ्यातून वाचवण्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण जबाबदारीची साखळी त्यामुळे नेमकी तिथेच तुटते.

केंद्र सरकारची कीडनाशक अंशांच्या राष्ट्रीय पाहणीची योजना आहे. तिच्यात बाजारातून नमुने उचलले जातात. पण तिचे निष्कर्ष वर्षाचा आढावा म्हणून उपयोगी. नमुन्याचा अहवाल येईपर्यंत ते फळ केव्हाच खाऊन झालेले असते. ग्राहकालाही एक अधिकार आहे, तो फारसा कोणी वापरत नाही. कलम ४० प्रमाणे खरेदीदार शुल्क भरून आपण घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. तसे करणार असल्याचे खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावे लागते, आणि पदार्थ कायद्यात न बसणारा निघाला तर शुल्क परत मिळते. एका किलो द्राक्षासाठी हे कोणी करणार नाही. पण गृहसंकुलाने एकत्र खरेदी करताना किंवा शाळेच्या उपाहारगृहासाठी पेट्या घेताना पुरवठादाराकडे आधीच्या तपासणीचा अहवाल आणि बागेची फवारणी नोंद मागणे अशक्य नाही. मॉलमध्ये ‘रेसिड्यू फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्याचा अर्थही शून्य अंश असा नसतो. उपकरणाला सापडेल किंवा ठरलेल्या किमान आकड्याला ओलांडेल इतका अंश नाही, एवढाच तो दावा.

आंबवणीत काय होते

वाईनची द्राक्षे वेगळी असतात. चेनिन ब्लाँ, सॉव्हिन्यो ब्लाँ, शिराझ, कॅबरने या जातींचे मणी बारीक, घड घट्ट. आत हवा खेळत नाही म्हणून बुरशीला ते अधिक बळी पडतात. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, त्यानंतर नाशिक परिसरात वाइनरींची संख्या झपाट्याने वाढली. सुला व्हिनयार्ड्सची पहिली वाईन त्याच्या आदल्या वर्षीची. अनेकांना चकित करणारी गोष्ट म्हणजे वाईनसाठी आलेली द्राक्षे साधारणपणे धुतली जात नाहीत. पाण्याने रस पातळ होतो. बागेतून आलेला घड थेट चिरडण्याच्या यंत्रात जातो.

म्हणजे वाईन अधिक दूषित असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात बहुतेक बुरशीनाशकांबाबत उलटेच घडते. सार्डिनियातल्या कालियारी विद्यापीठाचे पाओलो काब्रास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे याचा माग काढला आणि २००० मध्ये त्याचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. त्याचे सार असे, की पाण्यात सहज न विरघळणारी औषधे साल, बी आणि गराला चिकटून राहतात. रस गाळला, चोथा दूर केला, की त्यांचा मोठा वाटा तिथेच सुटतो. आंबवण सुरू झाल्यावर यीस्टच्या पेशी आणखी काही शोषून घेतात आणि तळाशी बसलेल्या गाळाबरोबर त्या टाकून दिल्या जातात. वाईन नितळ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पदार्थांपैकी कोळसा जवळपास सगळेच ओढून घेतो. मात्र तो रंग आणि गंधही ओढतो, म्हणून चांगला वाईनकार त्याला हात लावताना दहादा विचार करतो. लाल वाईनमध्ये साल रसासोबत अधिक काळ राहते, तेव्हा औषधाला रसात उतरायला वेळही अधिक मिळतो. पुढे वाईनपासून ब्रँडी काढली तर ऊर्ध्वपातनात उरलेसुरले अंशही बहुतांशी मागेच राहतात.

अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. अ‍ॅझॉक्सिस्ट्रॉबिन आणि पायरिमेथॅनिल ही बुरशीनाशके, तसेच डायमेथोएट हे कीटकनाशक घन आणि द्रव यांत भेदभाव करत नाहीत. द्राक्षात जेवढे असेल जवळजवळ तेवढेच ते वाईनमध्ये उतरते. वाईन म्हणजे आंबवून शुद्ध झालेला रस, असे सरसकट म्हणता येत नाही ते यामुळे. कोणते औषध मारले यावर सारे अवलंबून आहे. पुन्हा बागेतली नोंदवहीच निर्णायक ठरते.

वाईनकार स्वतः मात्र आरोग्याआधी दुसऱ्याच कारणाने या अंशांना घाबरतो. बुरशीनाशक हे बुरशी मारण्यासाठी असते आणि ज्याच्या जिवावर वाईन होते ते यीस्टही बुरशीच आहे. कॅप्टन किंवा फोल्पेटसारख्या औषधांचे अंश जास्त राहिले तर आंबवण मंदावते, कधी मध्येच थांबते आणि टाकीतला हजारो लिटर रस अर्धवट गोड राहून बिघडण्याच्या वाटेला लागतो. गंधकाची फवारणी काढणीच्या फार जवळ झाली तर यीस्ट त्यापासून हायड्रोजन सल्फाइड तयार करते आणि वाईनला सडक्या अंड्याचा वास मारतो. मोरचुदातले तांबे मात्र गंधकाशी संयोग पावून बरेचसे गाळात बसते. त्यामुळे कराराने द्राक्षे घेणारी वाइनरी शेतकऱ्याला फवारणीचे वेळापत्रक आखून देते. हातगाडीच्या गिऱ्हाइकाला न मिळणारी हमी वाइनरीला मिळते ती अशी. घड कोणाचा हे तिला ठाऊक असते आणि चुकीचा घड आला तर नुकसान तिचे स्वतःचे होते.

बाटलीत काय उरते याची तपासणी जगात अधूनमधून वादळ उठवते. १९९० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला युरोपीय वाईनमध्ये प्रोसिमिडोन हे बुरशीनाशक सापडले. युरोपात ते कायदेशीर होते, अमेरिकेत त्याला कोणतीच मर्यादा ठरलेली नव्हती. त्यामुळे कणभर अंशही बेकायदा ठरला आणि माल अडला. दुसऱ्या वर्षी तात्पुरती मर्यादा ठरवून मार्ग काढण्यात आला. कालांतराने युरोपानेही ते औषध वापरातून काढले. २००८ मध्ये युरोपातील कीडनाशकविरोधी संघटनांच्या जाळ्याने निरनिराळ्या देशांतल्या ४० बाटल्या तपासल्या. नेहमीच्या पद्धतीने पिकवलेल्या द्राक्षांच्या ३४ बाटल्यांपैकी प्रत्येकीत काही ना काही अंश सापडले, सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या सहांपैकी एकीतही सापडले. युरोपात वाईनसाठी वेगळी मर्यादा नाही. द्राक्षाच्या मर्यादेवरून आणि आंबवणीतल्या घटीवरून ती काढावी लागते, आणि या निष्कर्षांवरचा सगळा वाद तिथेच अडकतो. आपल्याकडे मांजरीच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये वाईनमधली ८३ कीडनाशके एकाच वेळी शोधण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा शोधण्याचे ज्ञान इथे नाही असे म्हणता येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकण्यास संमती दिली, त्या वेळी महाराष्ट्रभर रण माजले. दारू की शेतीमाल, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी हिरिरीने लढवला गेला. बाटलीत आणखी काय असू शकते, हे कोणी विचारले नाही. लेबलावर लिहिलेले सल्फाइट हे संरक्षक द्रव्य असते, फवारणीचा अंश नव्हे, एवढा खुलासा येथे करून ठेवलेला बरा. निर्यातीच्या द्राक्षपेटीत घडांवर ठेवलेला पांढरा कागदही याच जातीचा. त्यातून सुटणारा सल्फर डायऑक्साइड बुरशी रोखतो.

ठाणे आणि वसई परिसरातील ईस्ट इंडियन कुटुंबांत नाताळसाठी घरी वाईन करण्याची जुनी रीत आहे. काळी द्राक्षे किंवा मनुका, साखर, मसाले आणि बरणीत काही आठवडे. घरगुती मद्यालाही महाराष्ट्र दारूबंदी कायदा लागू होतो, हा भाग वेगळा. या पद्धतीत फळ सालीसकट दीर्घकाळ भिजते आणि वाइनरीतली गाळणी-निथळणी तितकीशी काटेकोर नसते. तेव्हा फळ आधी नीट धुणे आणि वरचा रस हलक्या हाताने काढून गाळ बरणीतच सोडणे, या जुन्या बायकांच्या दोन सवयी शास्त्राच्या कसोटीलाही उतरतात.

नळाखाली

उरतो तो घरोघरचा प्रश्न : धुऊन काय होते? अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या कृषी संशोधन केंद्राने निरनिराळ्या फळे-भाज्यांवर केलेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तपासलेल्या १२ पैकी ९ कीडनाशकांचे अंश साध्या पाण्याने धुतल्यावर घटले. औषध पाण्यात किती विरघळते यावर ते अवलंबून नव्हते, वाहत्या पाण्याच्या घासण्यावर होते. फळे धुण्यासाठी विकली जाणारी द्रावणे नळाच्या पाण्यापेक्षा सरस ठरली नाहीत. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर झालेल्या प्रयोगात खाण्याच्या सोड्याचे एक टक्का द्रावण अधिक प्रभावी आढळले. १२ मिनिटांत थायबेंडाझोल या बुरशीनाशकाचा ८० टक्के अंश निघाला. पण मारलेल्या औषधातला साधारण पाचवा हिस्सा तोवर सालीत शिरला होता. तो निघाला नाही. थायबेंडाझोल हे आंतरप्रवाही.

द्राक्षाच्या बाबतीत याचा उपयोग असा : घड चाळणीत ठेवून वाहत्या पाण्याखाली उलटसुलट फिरवावा, दाट घड असेल तर छोट्या झुपक्यांत कापून घ्यावा, कारण औषधाचे पाणी आतल्या मण्यांच्या सांध्यांत साचून वाळलेले असते. सोडा वापरायचा तर लिटरभर पाण्यात दोन सपाट चहाचे चमचे पुरतात. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा साध्या पाण्याने धुवावे. मिठाच्या किंवा हळदीच्या पाण्यावर फार भरवसा ठेवण्याचे कारण नाही, अपायही नाही. मणी देठापासून तोडून मग भिजवू नयेत. देठाच्या जागी पडलेल्या छिद्रातून धुण्याचे पाणी आत शिरते. आणि बाजारातून आणल्या आणल्या सगळी द्राक्षे धुऊन शीतकपाटात ठेवण्याची जी पद्धत अनेक घरांत आहे, तीही सोडावी. मेणाचा थर उतरलेला ओला मणी दोन दिवसांत मऊ पडतो आणि ज्या बुरशीला रोखण्यासाठी बागेत एवढा खटाटोप झाला, ती डब्यातच उगवते. खायच्या वेळी, खाण्यापुरतीच धुवावीत.